घरचा जनरेटर: या चुका टाळा, निदान पहिल्या दोन तरी

घरगुती जनरेटर बसवणं आणि बंद पडलेले उघडून बघणं हेच माझं काम, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, मशीन स्वतःहून क्वचित दगा देतं. गडबड होते ती लाईट गेल्यावर अंधारात घाईघाईत केलेल्या जुगाडात. मशीन विकत घ्यायला लोक महिनाभर चौकशी करतात आणि ते घराच्या वायरिंगला कसं जोडायचं याचा विचार लाईट गेल्यावर मोबाईलच्या उजेडात सुरू होतो. म्हणून लिहितोय. सगळ्या चुका सारख्या नाहीत, काहींनी फक्त खर्च होतो. पहिल्या दोन जीव घेतात.

पहिली: सॉकेटमधून घरात उलटा सप्लाय घालणं

दोन्ही टोकांना पिनवाला प्लग असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये, की सगळं घर उजळतं. ही वायर मी इतक्या घरांत बघितलीय की आता कामाला गेलो की आधी तीच शोधतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मेन स्विच बंद करतो ना आम्ही आधी, काही होत नाही."

एका घरात असंच चालायचं. घरमालक माणूस शिस्तीचा, मेन पाडल्याशिवाय जनरेटरला हात लावायचा नाही. एका रात्री पावसात लाईट गेली, तो बाहेरगावी होता, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाने जनरेटर चालू केला. बाबा करतात तसंच केलं, फक्त मेन पाडायचा राहिला. थोड्या वेळाने मला फोन, "काका, जनरेटरचा ब्रेकर राहतच नाहीये, वर केला की खटकन पडतोय, इंजिन पण दबतंय, नवीन ब्रेकर आणाल का येताना?" तीनदा वर करून झाला होता त्याचा. मी म्हटलं आधी इंजिन बंद कर आणि कशालाही हात लावू नकोस, येतो मी.

गाडी लावली तेव्हाच दिसलं, चार घरं सोडून पुढच्या खांबावर शिडी लागलेली आणि वर हेल्मेटला बॅटरी लावून लाईनमन काम करत होता. त्याने तारांना हात लावायच्या आधी त्या एकमेकींना आणि अर्थला जोडून टाकल्या होत्या, लाईनवर चढणाऱ्या माणसाचा नियम आहे तो. ब्रेकर पडत होता तो म्हणून. बिघडला नव्हता. मुलगा ब्रेकर वर करायचा की जनरेटरचा करंट चालूच राहिलेल्या मेनमधून बाहेर लाईनवर जायचा, तिथे त्याला सरळ शॉर्ट मिळायचा आणि ब्रेकर खाली यायचा. त्या माणसाने कंटाळा करून ती एक पायरी सोडली असती तर? जी लाईन तो मेलेली समजत होता ती तीनदा जिवंत झाली असती, त्याच्या हातात. मी खाली उभा राहून त्याला हाक मारून सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त उतरून आला आणि त्या घराची सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरात येणारी, आधी काढून ठेवली, मग परत चढला. ती दोन पिनांची वायर मी त्याच रात्री पक्कडीने वीतभर तुकडे करून टाकली, आणि मुलाला जवळ बसवून दाखवलं की काय होता होता राहिलं.

आणि हे एवढ्यावरच थांबत नाही. घराचा सप्लाय ज्या ट्रान्सफॉर्मरवरून येतो तो दोन्ही बाजूंनी चालतो, तिकडून हजारो व्होल्ट घेऊन इकडे २३० देतो, तसंच इकडून २३० घातले तर तिकडे हजारो काढतो. म्हणजे धोका तुमच्या गल्लीपुरता राहत नाही. मध्येच लाईट आली तर दोन सप्लाय समोरासमोर येतात आणि जनरेटरचं वाइंडिंग जळतं. सॉकेटमधला प्लग चुकून निघाला तर उघड्या पिनांवर करंट असतो, आणि घरात लहान मूल असेल तर पुढचं मी लिहीत नाही. शिवाय सगळ्या घराचा लोड त्या एका सॉकेटच्या बारक्या वायरवरून उलटा फिरतो, वाटेतल्या एमसीबीचं (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) संरक्षण जसं हवं तसं मिळत नाही.

यावर इलाज एकच, चेंजओव्हर स्विच. एकीकडे लाईन, मध्ये बंद, दुसरीकडे जनरेटर. हँडल एकावेळी एकाच बाजूला जाऊ शकतं, माणूस विसरला तरी स्विच विसरत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा घ्या, म्हणजे न्यूट्रल पण तुटतो. न्यूट्रल कॉमन ठेवून फक्त फेज फिरवणारे वायरमन मला भेटतात, पोलचे पैसे वाचवतात म्हणे, अशा माणसाकडून मी पंखा पण बसवून घेणार नाही. ज्यांना उठून हँडल फिरवायचं नाही त्यांनी ऑटोमॅटिक पॅनेल लावावं, चांगलंच असतं, पण तेही लोकांना जनरेटर घेतल्यावर वर्षाने आठवतं.

माझी सवय सांगतो. काम झालं की मी मेन पाडतो, चेंजओव्हर जनरेटरवर टाकतो, जनरेटर चालू करतो आणि मेनच्या घराकडच्या टोकांवर मीटर लावतो, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही. शून्य दिसलं पाहिजे. टेस्टरचा दिवा बघून समाधान मानत नाही, मीटरच. आणि क्रम कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो, कारण मशीन नेहमी घरात त्या दिवशी जो असेल तोच चालू करतो.

दुसरी: धूर

एका घरून तक्रार आली की जनरेटर तासभर बरा चालतो आणि मग इंजिन दम टाकतं, लोड उचलत नाही. गेलो तर मशीन गाडीच्या गॅरेजमध्ये, शटर दोन फूट वर केलेलं, "हवा खेळती राहावी म्हणून." इंजिन स्वतःचाच गरम धूर परत ओढत होतं, दम टाकणारच. मी एअर फिल्टर काढून बघत होतो तेवढ्यात घरातल्या वहिनी आतल्या दारातून म्हणाल्या, दोन दिवस झाले डोकं धरलंय, मळमळतंय, बाहेर अंगणात गेलं की बरं वाटतं. मुलगाही तसाच झोपून होता. घरच्यांना वाटलं पित्त झालं. बाहेर गेलं की बरं वाटतं हे ऐकलं आणि मी पाना तिथेच टाकून मशीन बंद केलं, सगळ्यांना बाहेर काढलं, दारं खिडक्या सताड उघडल्या आणि सरळ डॉक्टरकडे पाठवलं. इंजिनची तक्रार आणि वहिनींचं डोकं, दोन्हीचं कारण एकच होतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येत नाही म्हणजे हवा चांगली असं धरून बसू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणून थोडा थोडा साठत जातो आणि माणसाला झोप आल्यासारखं वाटतं. झोपेत असलेल्याला तर कळतही नाही. खिडकी उघडी होती, पंखा लावला होता, शटर वर होतं, ही सगळी उत्तरं मी ऐकलीयेत आणि यातलं एकही चालत नाही.

हलवता येणारा जनरेटर घरापासून निदान ६ मीटर लांब, उघड्यावर, सायलेन्सरचं तोंड दार-खिडक्यांच्या उलट दिशेला. शेजाऱ्याच्या खिडकीकडे पण नको, त्यांच्या घरातही माणसंच राहतात. पाऊस आला म्हणून आत ओढायचा नाही, त्यासाठी आधीच चारी बाजूंनी मोकळी छोटी शेड करून ठेवा, खाली ओटा थोडा उंच घ्या. कायमचा बसवलेला असेल तर किती अंतर सोडायचं ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते बसवणाऱ्याला बोटाने दाखवा. आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, सेलवर चालणारा. मशीनसाठी एवढा खर्च करतात आणि या डबीसाठी हात आखडतात, ते बघून मला खरंच राग येतो.

सायलेन्सरला स्वतःच्या मनाने लांब बारीक पाइप जोडून धूर बाहेर काढणारेही आहेत. पाइप बारीक किंवा फार लांब झाला की धूर मागे तुंबतो, इंजिन गरम होतं आणि सांध्यांतून तोच धूर गळतो. मापं विचारून मगच लावा.

मग येतात पैसे घालवणाऱ्या चुका

केव्हीए आणि किलोवॅट एकच समजणं. ५ केव्हीएचं मशीन ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएतला खरा कामाला येणारा हिस्सा) ४ किलोवॅट देतं, ५ नाही. त्यात मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, १ एचपीचा पंप चालताना साधारण एक किलोवॅट खातो पण उठताना मशीनला गुडघ्यावर आणतो. म्हणून सगळ्यात मोठी मोटर आधी, एकटी चालू करा, ती स्थिर झाली की बाकीचं एकेक. मी घरात कुठे काय चालतं ते क्लॅम्प मीटरने बघतो, वस्तूंवरच्या पाट्या वाचून बेरीज करत नाही. "मोठंच घेऊया, नंतर उपयोगी पडेल" हेही चूक. डिझेलचं इंजिन क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी लोडवर तासन्‌तास चालवलं की डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं ओलं तेल गळायला लागतं.

जनरेटर ऐन वेळी चालू होत नाही याचं मला सापडणारं नेहमीचं कारण इंजिन नसून बॅटरी. एकीकडे तर इंजिन नवंकोरं, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा हिरवा क्षार इतका चढलेला की वायर हाताने निघाली, चार्जरचा फ्यूज कधी गेलेला ते कुणालाच माहीत नाही. १२ व्होल्टची बॅटरी नुसती असताना १२.६ च्या आसपास दिसली पाहिजे, पण खरी परीक्षा स्टार्टर मारताना, तेव्हा ९.६ च्या खाली जात असेल तर बदला. दर महिन्याला अर्धा तास चालवा आणि घराचा लोड टाकून चालवा. पाच मिनिटं रिकामं फिरवून "चालू आहे" म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो, इंजिन नीट गरमही होत नाही तेवढ्यात आणि चेंजओव्हर, वायरिंग यांची तपासणी तर शून्य.

पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नका, ते शिळं होतं आणि कार्बोरेटरचा जेट चिकटतो. ठेवून द्यायचा असेल तेव्हा नळी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा.

नवीन मशीन बहुतेक वेळा ऑइलशिवाय येतं. आधी ऑइल, मग दोरी. पहिलं ऑइल लवकर बदलायचं असतं, किती तासांनी ते पुस्तकात असतं.

आता ऑइल सेन्सर. मशीन उतारावर ठेवलं की ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सर इंजिन बंद करतो, किंवा चालूच होऊ देत नाही. उपाय मशीन सपाट ठेवणं आणि काडी काढून ऑइल बघणं. पण घाईतली माणसं सेन्सरची वायर काढून मोकळी होतात, इंजिन चालतं आणि सगळे खूश. असं एक मशीन माझ्याकडे आलं होतं, पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला. अख्खं इंजिन गेलं एका पिवळ्या वायरसाठी. सेन्सर काही सांगत असेल तर ऐका हो.

एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवून लोड टाकू नका, वेटोळ्यातच ती तापून वितळते.

अर्थिंग आणि न्यूट्रलचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. बऱ्याच लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, मग घरातला आरसीसीबी, म्हणजे शॉक बसला की सप्लाय तोडणारा स्विच, भिंतीवर दिसतो खरा पण शॉक बसला तरी पडत नाही. जोड कुठे आणि एकाच जागी कसा द्यायचा हे चेंजओव्हर कसला आहे त्यावर ठरतं, व्हिडिओ बघून करायचं काम नाही ते.

इन्व्हर्टर जनरेटरवर चार्ज होत नाही, हा प्रश्न सारखा येतो. लगेच गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवायला जाऊ नका. आधी इन्व्हर्टरचा मोड बघा, कॉम्प्युटरसाठीच्या मोडमध्ये तो जरा हललेला सप्लाय पण नाकारतो, साध्या मोडला टाकला की बहुतेक वेळा घेतो. तरी नाही घेतला तर मीटरवर फ्रिक्वेन्सी बघा, ५० हर्ट्झचं मशीन रिकामं असताना ५२ पर्यंत दिसणं नेहमीचं आहे, लोड आला की खाली येतं. इंजिन छान चालतंय पण व्होल्टेजच नाही असं झालं तर आधी जनरेटरचाच ब्रेकर बघा, अर्ध्या वेळा तोच पडलेला असतो. खूप महिने बंद राहिलेल्या मशीनमधलं उरलेलं चुंबकत्व जातं म्हणूनही होतं तसं, पण ते परत आणायला बॅटरीच्या वायरी लावायचा प्रयोग घरी करू नका, व्होल्टेज सांभाळणारं कार्ड, एव्हीआर, उडतं.

आणि लाईट आली की लगेच पळू नका. पाच-दहा मिनिटं थांबा, परत आलेली लाईट बरेचदा पुन्हा जाते. मग घरातल्या मोठ्या वस्तू बंद, चेंजओव्हर आधी मधल्या बंदवर, मग लाईनवर. जनरेटर चार-पाच मिनिटं रिकामा चालू द्या म्हणजे आतली उष्णता निघते, मग बंद. टाकी तेव्हाच भरायची नाही, तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल पेटायला एक थेंब पुरतो. इंजिनला हात लावून गार लागलं की मगच टोपण उघडा, मी तर सकाळी भरतो, आणि त्याच वेळी ऑइलची काडी पण बघून ठेवतो.