आधी क्रियापद शोधा: स्पर्धा परीक्षेसाठी मराठी वाक्यरचना आणि व्याकरणाची तयारी

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना बसणारे मुंबईतील बहुतेक उमेदवार इतिहास आणि राज्यघटना यांना महिनोन्महिने देतात, आणि मराठी व्याकरण मात्र शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवतात. मातृभाषा आहे, ती जमेलच, असा त्यामागचा हिशेब असतो. घरात, लोकलमध्ये आणि कार्यालयात बोलली जाणारी मराठी आणि प्रश्नपत्रिकेला अपेक्षित असलेली प्रमाण मराठी यांच्यात किती अंतर आहे हे त्यांनी कधी मोजलेले नसते, त्यामुळे तो हिशेब चुकतो.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे. तिच्यातील मराठीची प्रश्नपत्रिका ३०० गुणांची आणि अर्हताकारी असून तिच्यात किमान २५ टक्के गुण मिळवावे लागतात. गट ब आणि गट क यांच्या संयुक्त मुख्य परीक्षेत भाषेचे प्रश्न वस्तुनिष्ठ असतात आणि चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश गुण वजा होतात. एका ठिकाणी दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यातील दोष ओळखायचा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी स्वतः निर्दोष वाक्य लिहायचे आहे. दोन्हींना लागणारे कौशल्य मात्र एकच आहे, आणि ते व्याख्या पाठ करून येत नाही.

व्याख्यांकडे वळण्यापूर्वी एक सवय लावून घ्यावी. समोर येणाऱ्या प्रत्येक वाक्याचे क्रियापद आधी शोधावे आणि ते कशाप्रमाणे बदलते हे पाहावे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि मधल्या शब्दांनी घातलेला गोंधळ तिथेच उघडा पडतो. ‘रमेशने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्यावे. रमेशच्या जागी सीमा आणली तरी ‘सीमाने आंबा खाल्ला’ असेच राहते. आंब्याच्या जागी चिंच आली की मात्र ‘खाल्ली’ होते आणि केळे आले की ‘खाल्ले’ होते. क्रियापद कर्मामागे चालले आहे, म्हणून प्रयोग, म्हणजे क्रियापदाची कर्त्याशी किंवा कर्माशी असलेली जुळणी, कर्मणी आहे. ‘सीमा आंबा खाते’ या वाक्यात सीमाच्या जागी रमेश येताच ‘खातो’ होते, म्हणून तो कर्तरी. ‘पोलिसांनी चोराला पकडले’ यात चोराऐवजी चोरांना पकडा, बाईला पकडा किंवा पोलिसांऐवजी शेजारणीने पकडू द्या, ‘पकडले’ जागचे हलत नाही, म्हणून तो भावे. एवढी अदलाबदल मनातल्या मनात करायला काही सेकंद पुरतात.

अनेक शिकवण्यांमध्ये सांगितला जाणारा सोपा उपाय असा, की कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला म्हणजे कर्मणी समजावा. माझ्या मते हा उपाय फायद्यापेक्षा तोटाच अधिक करतो. भावे प्रयोगातही कर्त्याला ‘ने’ लागतो, हे वरच्या पोलिसांच्या उदाहरणात दिसलेच. दुसरे असे, की मी, आम्ही, तू आणि तुम्ही या सर्वनामांना हा प्रत्यय दिसतच नाही. ‘मी पत्र लिहिले’ या वाक्यातील ‘मी’ पाहून उमेदवार कर्तरीवर खूण करतो, पण पत्राच्या जागी चिठ्ठी ठेवली की ‘मी चिठ्ठी लिहिली’ असे होते आणि उत्तर हाती येते. ‘तू मला पुस्तक दिलेस’ हे आणखी गमतीचे वाक्य आहे. त्यात ‘दिले’ पुस्तकाप्रमाणे चालते आणि शेवटचा ‘स’ कर्त्याप्रमाणे येतो, म्हणून त्याला कर्तृ-कर्मसंकर म्हणतात.

याच्या उलट, काही सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्त्याची पाठ सोडत नाहीत. शिकणे, विसरणे आणि पिणे ही त्यांपैकी नेहमीची. ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’, ‘बाळ दूध प्यायले’ या वाक्यांत कर्म आहे, तरी प्रयोग कर्तरी आहे. ही क्रियापदे वाचनात भेटतील तशी वहीत टिपून ठेवावीत, कारण प्रश्न काढणाऱ्यांना ती फार आवडतात. शक्यतेचा अर्थ असलेल्या रूपांनाही हीच अदलाबदल लागू पडते. ‘आजोबांना आता पायऱ्या चढवतात’ येथे पायरी एकच असेल तर ‘चढवते’ होईल, म्हणून ते शक्य कर्मणी. ‘आजोबांना आता चालवते’ येथे कर्मच नाही, म्हणून ते भावे.

प्रयोगांच्या संख्येबद्दल आणि नावांबद्दल वैयाकरणांत जुने मतभेद आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे १९११ साली, आणि चर्चा त्यानंतरही थांबली नाही. अभ्यासकाला ती रोचक वाटेल, पण परीक्षार्थीने तिच्यात अडकू नये. आयोग प्रत्येक वस्तुनिष्ठ परीक्षेची उत्तरतालिका प्रसिद्ध करतो. अंतिम तालिकांमध्ये जे उत्तर ग्राह्य धरले गेले आहे, ते आपल्या परीक्षेपुरते प्रमाण मानून पुढे जावे.

लांब वाक्य कोठे तुटते

वर्णनात्मक प्रश्नपत्रिकेत गुण जातात ते बहुधा लांब वाक्यांत. मुंबईच्या पुरावरील निबंधात असे वाक्य सहज लिहिले जाते: ‘२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मिठी नदीला पूर येऊन काठावरील वस्त्यांमध्ये पाणी शिरले असून अनेक लोक अडकून पडलेल्यांना मदत करण्यात आले.’ माहिती बरोबर आहे आणि वाक्य मात्र तीन ठिकाणी मोडले आहे.

शेवटापासून पाहावे. ‘करण्यात आले’ कशाशी जुळायला हवे? मदतीशी. मदत स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘मदत करण्यात आली’. शासकीय मराठीची सवय झालेल्यांच्या हातून ‘करण्यात आले’ हे रूप आपोआप उतरते, पण घोषणा करण्यात येते तेव्हा ती ‘आली’, निर्णय घेण्यात येतो तेव्हा तो ‘आला’. त्याच्या मागचा दोष ‘अनेक लोक अडकून पडलेल्यांना’ हा. येथे ‘लोक’ या शब्दाला स्वतःचे क्रियापद मिळालेलेच नाही. ‘अडकून पडलेल्या लोकांना’ किंवा ‘जे लोक अडकले होते, त्यांना’ यांपैकी एक रचना निवडावी लागते. आणि तिसरा दोष ‘पडून’ आणि ‘येऊन’ या रूपांचा. ‘ऊन’ हा प्रत्यय लागलेल्या क्रियेचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता साधारणपणे एकच असावा लागतो. येथे पाऊस पडतो, पूर येतो आणि पाणी शिरते, म्हणजे कर्ते तीन. ‘गाडीतून उतरून पाऊस सुरू झाला’ असे लिहिले तर पाऊसच गाडीतून उतरला असा अर्थ होतो. ‘मी गाडीतून उतरल्यावर पाऊस सुरू झाला’ असे लिहिले की अर्थ सरळ होतो.

दुरुस्त केलेला मजकूर असा होईल: ‘२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीला पूर आला आणि तिच्या काठावरील वस्त्यांमध्ये पाणी शिरले. जे लोक अडकले होते, त्यांना मदत करण्यात आली.’ लांब वाक्य लिहूच नये असा याचा अर्थ नाही. निबंधात सगळीच वाक्ये आखूड असली तर लेखन बालिश वाटते. मात्र लांब वाक्यातील प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवून ‘याचा कर्ता कोण’ हे सांगता आले पाहिजे. ज्या क्रियापदापाशी उत्तर अडखळते, तिथे वाक्य तोडावे. ‘असून’ हा शब्द एका परिच्छेदात दुसऱ्यांदा आला, तर तिथेही पूर्णविराम देता येतो का ते पाहावे.

वाक्यांच्या प्रकारांचे प्रश्न याच विचाराने सुटतात, फक्त जोडणाऱ्या शब्दाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. ‘म्हणून’ दिसला की संयुक्त वाक्य, असे ठोकळ उत्तर देणारे फसतात. ‘रुळांवर पाणी साचले, म्हणून गाड्या उशिरा धावल्या’ यातील दोन्ही वाक्ये बरोबरीची आहेत आणि ‘म्हणून’ परिणाम सांगतो, तेव्हा हे संयुक्त. ‘नोकरी मिळावी म्हणून तो मुंबईला आला’ यातील ‘नोकरी मिळावी’ हे येण्याचा उद्देश सांगते आणि मुख्य वाक्यावर अवलंबून राहते, तेव्हा हे मिश्र. पहिलेच वाक्य उलटून ‘गाड्या उशिरा धावल्या, कारण रुळांवर पाणी साचले होते’ असे लिहिले तर ते मिश्र ठरते, कारण परंपरेने ‘कारण’ हे अव्यय गौणत्वसूचक, म्हणजे पुढचे वाक्य मुख्य वाक्यावर अवलंबून असल्याचे दाखवणारे, मानले आहे. घटना तीच, वाक्याचा प्रकार वेगळा. एवढे मात्र लक्षात ठेवावेच लागते.

मुंबईच्या बोलण्यातून येणारे दोष

या शहरातील मराठीवर हिंदीची आणि इंग्रजीची सावली आहे, आणि बोलताना त्याबद्दल कोणी खंत करण्याचे कारण नाही. उत्तरपत्रिकेत मात्र ‘मला रेल्वेचा पास भेटला’ असे लिहून चालत नाही. माणसे भेटतात, वस्तू मिळतात. ‘माझी मदत करा’ ही हिंदी रचना आहे, मराठीत ‘मला मदत करा’. ‘मी त्याला बोललो की उद्या ये’ याऐवजी ‘मी त्याला उद्या येण्यास सांगितले’ असे लिहावे, कारण बोलणे होते ते कोणाशी तरी. वाढदिवस ‘मनवला’ जात नाही, साजरा केला जातो.

भाषांतराच्या प्रश्नात हा दोष दुसऱ्या वेषात येतो. इंग्रजीतील कर्मणी वाक्य जसेच्या तसे उतरवल्याने ‘हा पूल महानगरपालिकेद्वारे बांधला गेला’ असे वाक्य तयार होते. कर्ता माहीत असताना मराठी त्याला पुढे आणते: ‘हा पूल महानगरपालिकेने बांधला.’ ‘तो एक हुशार विद्यार्थी आहे’ यातील ‘एक’ सुद्धा बहुतेक वेळा इंग्रजीतूनच आलेला असतो आणि तो गाळून काही बिघडत नाही. भाषांतर झाल्यावर मूळ उतारा हाताने झाकून फक्त मराठी मजकूर वाचावा. जिथे वाचताना मान वळते, तिथे मूळची रचना तशीच राहिलेली असते.

शुद्धलेखनाचे थोडक्यात

मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम एका बैठकीत वाचून होतात, आणि ते मुळातूनच वाचावेत. परीक्षेत सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराचा आहे. अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो, आणि सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचे बदललेले रूप) होताच तो ऱ्हस्व होतो: पूल पण पुलावर, मूल पण मुलाला, वकील पण वकिलाने, गरीब पण गरिबांना. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र बदलत नाहीत, म्हणून शरीर आणि शरीराला. ‘माहीत’ आणि ‘माहिती’ ही जोडी याच नियमाने समजते, तरीही ‘माहित’ हे रूप दुकानांच्या पाट्यांपासून बातम्यांपर्यंत सर्वत्र दिसते आणि डोळ्यांना सवयीचे होऊन बसते. शेवटचे अक्षर दीर्घ, हा नियम ‘कवी’ला लागू आहे, पण ‘कविसंमेलन’ या समासात ते ऱ्हस्व होते. ‘आणि’, ‘परंतु’ व ‘तथापि’ ही अव्यये ऱ्हस्वान्तच लिहावीत.

अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार आदरार्थी बहुवचनातही द्यावा लागतो, म्हणून मुख्यमंत्री एकच असले तरी ‘मुख्यमंत्र्यांनी’. आणि ‘केलं’, ‘सांगितलं’ ही रूपे संवादापुरती ठेवून उत्तरात ‘केले’, ‘सांगितले’ लिहावे.

सराव कसा करावा

आयोगाच्या संकेतस्थळावरील जुनी प्रश्नपत्रिका सोडवून गुण मोजणे हा सरावाचा लहान भाग आहे. मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. जो प्रश्न चुकला, त्याचे पूर्ण वाक्य वहीत उतरवावे, क्रियापदाखाली रेघ मारावी, ते ज्या शब्दाशी जुळते त्याला गोल करावा आणि तेच वाक्य लिंग किंवा वचन बदलून पुन्हा लिहावे. नुसता बरोबर पर्याय लिहून ठेवला तर पुढच्या वेळी दुसऱ्या शब्दांत आलेला तोच प्रश्न पुन्हा चुकतो.

रोज वर्तमानपत्राच्या अग्रलेखातील एक परिच्छेद घ्यावा आणि त्याचा एक तृतीयांश लांबीचा सारांश हाताने लिहावा. टंकलेखन करून केलेला सराव येथे उपयोगाचा नाही, कारण भ्रमणध्वनी ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच सुचवतो. विरारहून किंवा कल्याणहून रोज दक्षिण मुंबईत येणाऱ्या उमेदवाराला गर्दीत वही उघडता येत नाही, पण डब्यातील सूचना वाचता येतात. ‘विनातिकीट प्रवास करणे हा गुन्हा आहे’ येथे ‘करणे’ नपुंसकलिंगी असताना ‘हा’ का आला? तो पुढच्या ‘गुन्हा’ या शब्दाशी जुळला आहे. तिथे ‘चूक’ हा शब्द असता तर ‘ही’ आले असते.

प्रत्यक्ष परीक्षेत वर्णनात्मक उत्तरे लिहून झाल्यावर दहा मिनिटे शिल्लक ठेवावीत आणि त्या वेळात मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचत बसू नये. प्रत्येक वाक्याच्या शेवटी नजर टाकून क्रियापदाचे लिंग-वचन तपासावे, मग अनेकवचनी नामांवरील अनुस्वार पाहावेत. निबंधात नवा मुद्दा सुचला, तरी तो या वेळात घालू नये, कारण घाईने घातलेले वाक्यच बहुधा मोडके निघते.