लेकराचं वजन पाहायचं तर घरही पाहा

लेकरू बारीक दिसलं की आपल्याकडे म्हणतात, अंगालाच लागत नाही बापा. ते राहू द्या, पहिले अंगणवाडीत नेऊन काट्यावर ठेवा, अन दर महिन्याला, तिथल्या वजनाच्या कार्डावरची रेघ वर चढते का तेवढं पाहायचं. ६ महिने ते ५ वर्षांच्या पोराच्या दंडाचा घेर टेपनं मोजून घ्या, ११.५ सेंटीमीटरच्या खाली भरला तर सरळ दवाखाना.

मग घराकडे पाहा. कापूस वेचायला माय सकाळीच वावरात जाते, लेकरू आजीजवळ, अन ५ रुपयाच्या चिप्सच्या पुडीवर दुपार निघते. लहान पोट एकदम भरत नाही, थोडं थोडं ४-५ वेळा लागते, म्हणून वरणात कुस्करलेली भाकर, वरून चमचाभर तेल, थोडा शेंगदाण्याचा कूट असं झाकून ठेवा अन आजीला वेळ सांगून जा. अंगणवाडीतला आहार घरभर वाटू नका, तो लेकराचाच हिस्सा हाय.

पैसेवाल्याकडे उलटं, बिस्किट, कोल्ड्रिंक, मोबाईल, वरून गुबगुबीत म्हणून कौतुक! त्याची उंचीपण मोजा, वजन उंचीच्या मानानं जास्त तर नाही ना ते पाहा. अमेरिकेत तर गरिबाघरीच जाड पोरं जास्त, कारण तिथं पोटभर स्वस्त मिळते ते तेलकट-गोडच. आपल्याकडेही पुडी ५ रुपयाला अन अंडं त्याहून महाग, लावा हिशोब.