उजेडाची उतरंड: एचडीआर फोटो कसा घ्यावा आणि किती ताणावा

गोव्यातल्या जुन्या घरातलं दिवाणखानं डोळ्यांसमोर आणा. दुपारचे अकरा वाजलेत. कार्पांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या बंद आहेत, फक्त एक उघडी आहे. तिच्यातून समोरच्या घराची उन्हात न्हालेली पांढरी भिंत दिसते आणि आत कोपऱ्यात जुनं शिसवी कपाट उभं आहे. आपल्या डोळ्यांना दोन्ही दिसतात. कॅमेऱ्याला मात्र भिंत सांभाळली तर कपाट हरवतं, कपाट दाखवलं तर भिंतीचा पांढरा डाग होतो. कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करणं, म्हणजे एचडीआर, अशा जागेसाठी आहे. ही युक्ती डिजिटलच्या आधीची आहे: फ्रान्सचे ग्युस्ताव्ह ल ग्रे १८५०च्या दशकात समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून एकच प्रिंट काढत.

आधी गरज आहे का ते पाहा. आजचे बरेच सेन्सर आयएसओ (संवेदनशीलता) १०० वर एकाच रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, १२ ते १४ स्टॉपचा पल्ला पकडतात; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मिरामारच्या वाळूवर ढगाळ सकाळी ब्रॅकेटिंग (अशा कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम ओळीने घेणं) म्हणजे नुसतं कार्ड भरणं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, कोणत्याही टोकाला कडेला चिकटत नसेल, तर एक रॉ पुरते. आणि एकाच रॉमधून उजळ, मध्यम, गडद अशा तीन फाइली काढून जोडल्याने नवी माहिती येत नाही.

आता मोजणी. कॅमेरा मॅन्युअलवर, एफ/८, आयएसओ १००, मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे एका छोट्या ठिपक्यावरचाच उजेड मोजणारं. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवर मोजलं तर समजा १/१००० सेकंद आलं, कपाटावर १ सेकंद. फरक १० स्टॉपचा. दोन-दोन स्टॉपच्या पायरीने १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ अशा सहा फ्रेम होतात. पण स्पॉट मीटर जिथे रोखाल ती जागा मध्यम राखाडी धरतो, म्हणजे १ सेकंदाच्या फ्रेममध्ये काळं शिसव राखाडी होईल. ते कोणाला हवंय? १/४ च्या फ्रेममध्ये कपाट राखाडीपेक्षा दोन स्टॉप खाली राहतं: काळंच, पण कोरीवकाम दिसतं. म्हणून १/६० मध्यावर ठेवून पाच फ्रेम, दोन स्टॉपची पायरी, एवढं ब्रॅकेटिंग लावा. कॅमेऱ्यात तीनच फ्रेमची सोय असेल तर १/२५० मध्यावर ठेवून तीन घ्या, मग शटर हाताने चार स्टॉप मंद करून आणखी तीन. एक फ्रेम दोनदा येईल, ती टाकून द्या.

बदलायचं ते फक्त शटर. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली आणि कडांचा काळोख फ्रेमगणिक बदलतो आणि जोड बसत नाही. फोकस एकदा नीट लावून मॅन्युअलवर टाका, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढा, दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवलेलं बरं. हातात धरूनच घ्यायचं असेल तर सलग शूटिंग चालू करा, आणि सर्वांत मंद फ्रेमसुद्धा लेन्सच्या मिलिमीटरच्या उलट आकड्याखाली जाऊ देऊ नका: ५० मिमीला १/५०. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल.

किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे लेन्सच्या काचेवरचा खारा थर. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बारीक धुक्यासारखं बसतं, तेजस्वी खिडकीचा उजेड त्यावर विखुरतो आणि सावलीवर दुधी पडदा येतो. मग पाच काय, नऊ फ्रेम घेतल्या तरी कोपऱ्यात खरा काळा मिळत नाही, कारण तो लेन्समध्येच मारला गेलेला असतो. प्रत्येक बैठकीआधी काच पुसा. खिडकीकडे तोंड करून घेताना यूव्ही फिल्टर काढून ठेवा, त्याची भुतं, म्हणजे काचेतल्या परावर्तनाचे फिकट ठसे, मंद फ्रेममध्ये ठळक उमटतात. पावसाळ्यात एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर काचेवर दव धरतं. अर्धा तास आधी तो बंद बॅगेतच बाहेर ठेवा. ओल्या वाळूत लाटेगणिक ट्रायपॉडचे पाय रुततात, तेव्हा आधी ते दाबून घट्ट रोवा. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते. ती नसेल तर कॅमेरा पिशवीवर टेकवून जमिनीवर ठेवायचा. देवळाच्या गाभाऱ्यात फोटो चालतो का, हे देवस्थानाच्या कचेरीत आधी विचारावं.

लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये पाचही रॉ निवडून फोटो मर्जमधून एचडीआर घ्या. ऑटो अलाइन चालू, ऑटो सेटिंग्ज बंद. डीघोस्ट (हलत्या गोष्टींचे दुहेरी ठसे पुसणं) नाइलाज असेल तेवढाच. माड हलत असतील, लाटा असतील, तर लो पासून सुरुवात करा. हाय लावलं की त्या भागात लाइटरूम एकाच फ्रेमवर विसंबतं आणि माडाच्या झावळ्यांभोवती दाणेदार चकत्या उमटतात. फुकट हवं असेल तर ह्युगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारं एन्फ्यूज उत्तम आहे. ते मधली एचडीआर फाइल न बनवता प्रत्येक फ्रेममधला नीट उजळलेला भाग उचलून थेट मिसळतं, त्यामुळे निकाल सहसा शांत येतो. भडक, चित्रासारखं रूप हवं असेल त्यांनी ल्युमिनन्स एचडीआर या सॉफ्टवेअरमधली फट्टाल किंवा मान्तिउक ही पद्धत वापरून पाहावी.

इथवर सगळ्यांचं काम सारखं. आवडीनिवडी सुरू होतात त्या टोनमॅपिंगपासून, म्हणजे जोडलेल्या फाइलमधला उजेडाचा मोठा पल्ला स्क्रीनच्या किंवा कागदाच्या छोट्या पल्ल्यात बसवण्यापासून.

आमचा कल स्पष्ट आहे: जागेवर उजेडाची जी उतरंड होती, ती फोटोत उलटू नये. बाहेरची भिंत सर्वांत उजळ, तिच्याखाली कार्पां, मग चकचकीत फरशी, शेवटी कपाट. पायऱ्यांमधलं अंतर हवं तेवढं कमी करा, क्रम मोडू नका. हायलाइट्स −५० ते −७०, शॅडोज +२५ ते +४०, मग ब्लॅक्स थोडे खाली ओढा. क्लॅरिटी (मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट) +१० च्या वर नेताना कार्पांजवळ १०० टक्के झूम करून पाहा. शिंपल्याला मुळात साईसारखी मऊ चमक असते, क्लॅरिटी ती खरवडून काढते आणि लाकडी पट्ट्यांच्या कडेने फिकट प्रभावळ येते. मंगेशीच्या पांढऱ्या दीपस्तंभामागे निळं आकाश असेल तर हीच प्रभावळ लांबूनही दिसते. ती दिसली की क्लॅरिटी, किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर रेडियस नाहीतर स्ट्रेंग्थ, कमी करायची, दुसरा इलाज नाही.

चर्चच्या पांढऱ्या भिंती राखाडी झाल्या तर क्रम मोडला असं समजा. चिऱ्याचं उलट होतं: जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या उघड्या चिऱ्याचा तांबूस-तपकिरी रंग सॅच्युरेशनने भगवा होतो. तिथे व्हायब्रन्स (फिक्या रंगांना जास्त उठाव देणारी पट्टी) जपून वापरा आणि नारिंगीचं सॅच्युरेशन ५ ते १० ने उतरवा.

ज्यांना ताणलेलं रूप आवडतं त्यांची आवड चुकीची नाही. मांडवीच्या काठावरची गंजलेली बार्ज, जाळ्यांचे ढीग, पावसाळ्यातलं शेवाळलेलं कुंपण: खडबडीत पोताला ते रूप शोभतं, कारण तिथे उजेडापेक्षा पोत बोलतो. माणसांच्या चेहऱ्याला आणि समईच्या ज्योतीला ते कधीच शोभत नाही. ज्योतीभोवती काळोख नसेल तर ती नुसता पिवळा ठिपका होते. ताणायचंच असेल तर अर्धवट ताणू नका. थोडीशीच प्रभावळ दिसली तर ती चूक वाटते, पूर्ण शैली असली की निवड वाटते.

वाद मिटवायला एक सोपी रीत आहे. मर्ज केलेल्या फाइलच्या दोन व्हर्च्युअल कॉपी (मूळ फाइल न बदलता वेगळ्या सेटिंग्जच्या आवृत्त्या) काढा, एक संयमी, एक ताणलेली, आणि मधल्या १/६० च्या एकट्या रॉची तिसरी. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, कारण भगभगीत स्क्रीनवर सावल्या खोट्या उघडतात. तिन्ही फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. मग प्रत्येकाची ४ बाय ६ इंचांची मॅट प्रिंट काढून खिडकीशेजारी, थेट ऊन नसेल तिथे ठेवा. कागदावर कपाट नुसता काळा ठोकळा झालं असेल तर शॅडोज आणखी १० वाढवून पुन्हा छापा.