खाण्याचा विकार तपासताना या चुका टाळा

सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार पाळणाऱ्या मुली कोकणात घरोघरी आहेत. त्यामुळे उपासालाच आजार म्हणणं ही पहिली चूक आणि 'देवाचं आहे' म्हणून विषय सोडून देणं ही दुसरी. दुसरी जास्त महागात पडते. विचारायचं ते एवढंच: उपास सुटला की काय होतं? श्रावण सरला, गणपती गेले, घरात बांगडा तळला, तरी मुलगी वाटीभर पेजेवरच असेल आणि नवनवे वार धरत असेल, तर नीट चौकशी करा. रमजानचे रोजे संपल्यावरही हेच पाहा.

प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून गुण मोजू नका. 'ईट-२६' या खाण्याच्या सवयींवरच्या २६ प्रश्नांच्या चाचणीत २० किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करायची असते, तेवढ्यावर निदान होत नाही. किंग आणि भुग्रा या संशोधकांनी १९८९ मध्ये उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही प्रश्नांचा अर्थ मुलींनी वेगळाच घेतला होता. 'घास बारीक करता का' या प्रश्नाचा हाताने जेवणाऱ्याला काय बोध होणार? 'स्कॉफ' या पाच प्रश्नांच्या ब्रिटिश चाचणीत तीन महिन्यांत एक स्टोनहून, म्हणजे सुमारे ६.३५ किलोंहून जास्त वजन घटलं का, असं विचारतात. बेचाळीस किलोच्या मुलीचं एवढं घटेपर्यंत थांबायचं?

'जाड होण्याची भीती वाटते का?' याला 'नाही' उत्तर आलं म्हणून फाइल बंद करू नका. इथे मुलगी 'पोटात गच्च होतं, जात नाही' म्हणते; आई म्हणते, 'जेवता हो, पण अंगाक लागणा नाय.' मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी हाँगकाँगमध्ये जाडीची भीती नसलेले असेच रुग्ण नोंदवले होते. 'डीएसएम-५' (२०१३) या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीतही ती भीती बोलून दाखवलीच पाहिजे असं नाही, वजन वाढू न देणारं वागणं पुरतं. पाळी बंद होण्याची अटही तेव्हाच गेली. मात्र क्षयरोग, थायरॉईड आधी तपासा.

आईसमोर सगळं विचारू नका, थोडा वेळ मुलीशी एकटीशी बोला. मुलग्यांनाही विचारा, जिमच्या नावाखाली बरंच खपतं.

घरचे देवाला गाऱ्हाणं घालून आले असतील तर हसू नका, त्यासोबत औषधोपचारही चालू ठेवा म्हणावं. चक्कर येऊन पडणं, जागेपणी नाडी ५०च्या खाली, वारंवार उलट्या असं काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. आणि फार दिवस उपाशी असलेल्याला घरी एकदम भरपूर जेवू घालू नका: रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं.