ज्ञानमीमांसा आणि सायन्स एकत्र करताय? मग या चुका टाळा

दरवर्षी पोरांचे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, वाचायला येतात आणि दरवर्षी त्याच चुका. विषय सुंदर निवडलेला असतो, ज्ञान कशाला म्हणायचं आणि विज्ञान ते कसं मिळवतं, पण घाई एवढी की लॅबमधली बाटली धुवायच्या आधीच तत्त्वज्ञान सुरू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक आकडा वेगळा आला की "थिअरी खोटी ठरली" म्हणून मोकळं व्हायचं आणि वर पॉपरचं, म्हणजे थिअरी खोटी ठरवता आली पाहिजे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञाचं, नाव टाकायचं. भर जुलैत एक विद्यार्थी गोव्यात गांजेच्या बाजूला मांडवी नदीचं पाणी तपासून आला. नदी पावसाने तांबडी झालेली, तिथे पाणी गोडंच असणार, आणि याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या नळीवर, ४ पीपीटी (हजारात चार भाग मीठ), ती पण अकरा वेळा. त्याने खाडीच्या क्षारतेचं अख्खं मॉडेल बाद करून अर्धा चॅप्टर लिहून ठेवलेला! मी म्हटलं, बाबा, आधी डिस्टिल्ड वॉटर आण. प्रिझमवर दोन थेंब टाकले, झाकण लावलं, खिडकीकडे धरून बघितलं तर निळ्या-पांढऱ्यामधली रेघ ४ वर. बारीक स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली आणि त्याचीच उरलेली बाटली परत तपासली, शून्य. अकरा वेळा तेच आलं म्हणून त्याला खात्री होती, पण शून्यच सरकलेला असेल तर अकराही वेळा तेवढंच चुकणार ना.

थिअरी एकटी कधीच तपासली जात नाही, तिच्यासोबत उपकरण, तापमान, बाकीची गृहीतकं सगळी रांगेत उभी असतात, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएमने १९०६ मध्येच मांडलंय. युरेनस ठरल्या मार्गाने चालेना तेव्हा न्यूटनला कुणी टाकून दिलं नाही, खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेने न दिसलेला ग्रह मानला आणि २३ सप्टेंबर १८४६ ला गाल या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाने बर्लिनहून नेपच्यून शोधला, गणिताने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. त्याच ल व्हेरियेने बुधासाठीही तीच युक्ती केली, व्हल्कन नावाचा ग्रह मानला गेला, तो सापडलाच नाही. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक शेवटी १९१५ मध्ये आइन्स्टाइनने सोडवला. म्हणजे थिअरी वाचवायला काहीतरी मानणं हा गुन्हा नाही, फक्त जे मानलं ते वेगळं तपासता आलं पाहिजे. म्हणून मी वहीचं डावं पान कोरं ठेवतो आणि फील्डला जायच्या आधी तिथे लिहितो, आज कशाकशावर न तपासता विश्वास ठेवलाय.

दुसरी चूक मला जास्त लागते. पहिल्या परिच्छेदात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, हारासारखी घालायची आणि पुढे दोनशे पानं त्यांच्याकडे बघायचंच नाही. अहो, न्याय दर्शनातला उपाधी, म्हणजे मध्ये लपलेली अट, हा एक विचार घेतला तरी तुमचं काम सुधारेल! धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, कारण मध्ये ओलं इंधन लागतं. पावसाळ्यात ज्याने चूल पेटवलीय त्याला हे समजावून सांगायला नको, सुकी लाकडं संपली की घरभर धूर. तुमच्या ग्राफमध्ये दोन गोष्टी सोबत वाढताना दिसल्या की आधी विचारा, यातलं ओलं लाकूड कुठलं?

"सायंटिफिकली प्रूव्ह झालं" लिहू नका, पुरावा किती आणि कुठवर ते लिहा. प्रत्येक नव्या निष्कर्षाला पॅराडाइम शिफ्ट, म्हणजे विचारांची अख्खी चौकटच बदलली, असं म्हणू नका. फक्त अॅबस्ट्रॅक्ट वाचून साइट करणं बंद करा, व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, ते दोन मिनिटांत कळतं.

आणि नव्या पद्धतीने थेट अनोळखी गोष्ट मोजायला जाऊ नका. आपल्या गोव्यातल्या कोसबें गावात १९०७ मध्ये जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी जुन्या नाण्यांचं वजन हातोहात झिजून किती घटलं त्यावरून ती किती काळ चलनात होती ते काढत, पण त्याआधी त्यांनी आपल्या काळातली, साल छापलेली नाणी हजारोंनी तोलली, म्हणजे उत्तर आधीच माहीत असेल तिथे पद्धत टिकते का ते बघितलं. "सर, एवढा वेळ कुठे आहे" असं कुणी म्हटलं की मी त्याला तराजूवर बसवतो आणि खिशातली चिल्लर काढायला सांगतो.