पत्र्याचं छप्पर: कापाकापीतली नासाडी सॉफ्टवेअरने कशी टाळावी

कांदा चाळ किंवा नाशिकच्या अंबड-सातपूरकडची दोन उतारांची सरळ शेड असेल, तर पत्रा फारसा वाया जात नाही. रोल फॉर्मिंगवाला, म्हणजे मशीनवर पत्र्याला उंचवटे पाडून देणारा, हव्या त्या लांबीचा पत्रा कापून देतो, तो पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) टाकला की झालं. भंगाराचा ढीग लागतो तो चार उतारांच्या बंगल्याखाली. तिथे दोन उतार बाहेरच्या कोपऱ्यावर मिळतात. त्या तिरक्या धारेला फॅब्रिकेटर हिप म्हणतात. हिपपाशी प्रत्येक पत्रा तिरका कापावा लागतो आणि उरलेला तिकोनी तुकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही. निदान तसं वाटतं तरी.

उदाहरणाला 12 मीटर बाय 8 मीटरचं छप्पर घेऊ. चारही उतार 20 अंशांचे, पत्र्याची कव्हर रुंदी (जोडात दबणारा भाग सोडून प्रत्यक्ष झाकली जाणारी रुंदी) 1000 मिमी. आढं 4 मीटरचं येतं, वळचणीपासून आढ्यापर्यंतचा उतार 4257 मिमी आणि एकूण क्षेत्र साधारण 102 चौरस मीटर.

पायरी 1: मापं

मापं नकाशावरून घेऊ नका, उभ्या सांगाड्यावर घ्या. आधी दोन्ही कर्ण मोजा. 12 बाय 8 च्या काटकोनात कर्ण 14.42 मीटर यायला हवा. दोन कर्णांत 20 मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर चारही उतारांची मापं वेगवेगळी भरा. एकाच उताराची नक्कल करून तीन बाजूंना चिकटवू नका.

उताराचा कोन मोबाइलच्या लेव्हलवर घेतला तरी वळचणीच्या पर्लिनपासून आढ्यापर्यंत टेप लावून ताडून पाहा. 20 च्या जागी 22 अंश भरले तर लांबी 57 मिमीने वाढते. आणि उतार भरायचाच राहून गेला तर सॉफ्टवेअर 4000 मिमीचाच पत्रा सांगतं, म्हणजे प्रत्येक पत्रा 257 मिमी आखूड. असा पत्रा परत जात नाही.

पायरी 2: पत्र्याची खरी रुंदी

दरपत्रकात एकूण रुंदी आणि कव्हर रुंदी असे दोन आकडे असतात. सॉफ्टवेअरमध्ये कव्हर रुंदीच जाते. तीही कागदावरची नको. गोदामात सहा पत्रे एकमेकांत बसवा, पहिल्या पत्र्याच्या एका उंचवट्यापासून सहाव्याच्या त्याच उंचवट्यापर्यंत मोजा आणि पाचाने भागा. 1000 ऐवजी 1010 निघाले तर 12 पत्र्यांत 120 मिमीची सरक पडते आणि हिपवरचा प्रत्येक काप चुकतो.

पायरी 3: सुरुवात कुठून, कोणत्या दिशेने

पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. जोडाचं उघडं तोंड त्याच्याकडे असलं तर पाणी आत शिरतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तर हमखास. म्हणून दक्षिण आणि उत्तर उतारावर पत्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे टाकत न्यायचे, पूर्व आणि पश्चिम उतारावर उत्तरेकडून दक्षिणेकडे. नवा पत्रा आधीच्यावर चढतो. सॉफ्टवेअरमध्ये हे प्रत्येक उताराला वेगळं सांगावं लागतं. बरेचजण ही खूण रिकामी सोडतात आणि मग यादी नुसती लांबींची येते.

पत्र्याच्या दोन कडा सारख्या नसतात. एक वर बसणारी, दुसरी खाली जाणारी. पत्रा उलथा करता येत नाही, कारण रंगाची बाजू वरच हवी. पण जागच्या जागी अर्धा फेरा फिरवता येतो. तसं केलं की वर बसणारी कड डावीकडून उजवीकडे जाते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची पायरी सोपी.

पायरी 4: जोड्या लावणं

सगळी बचत इथे आहे. दक्षिण उतारासमोर उभे राहिलात तर पश्चिमेचं हिप डाव्या हाताला येतं. तिथला पत्रा तिरका कापला की वरचा तुकडा उरतो. तो अर्धा फेरा फिरवा. त्याची सरळ बाजू खाली आली, तिरकी वर गेली आणि पुन्हा डाव्या हिपचाच तुकडा तयार झाला, फक्त कडांची अदलाबदल झालेला. असा तुकडा लागतो उत्तर उताराच्या पूर्व टोकाला, कारण तिथे समोरून पाहताना हिप डावीकडेच असतं आणि वर बसणारी कड दक्षिणेच्या उलट हाताला हवी असते. तसंच दक्षिणेचं उजवं हिप उत्तरेच्या उजव्याशी जोडा आणि पूर्व उताराची हिपं पश्चिमेच्या हिपांशी. डाव्याचा तुकडा उजव्याला मात्र कधीच चालत नाही. त्यासाठी पत्रा उलथावा लागेल.

आता आकडे पाहा. हिपच्या एका बाजूला चार तुकडे येतात आणि त्यांच्या लांब बाजू 1064, 2128, 3193 आणि 4257 मिमी. सगळ्यात लहान तुकडा सगळ्यात मोठ्याबरोबर आणि मधले दोन एकमेकांबरोबर लावले, की प्रत्येक जोडी 4257 च्या एका पत्र्यातून निघते. 32 तिरक्या तुकड्यांना 16 पत्रे, आढ्याखालचे पूर्ण पत्रे 8, एकूण 24. जोड्या न लावता प्रत्येक तुकडा त्याच्या लांब बाजूइतका मागवला तर 119 मीटर पत्रा लागतो. सगळेच पत्रे पूर्ण लांबीचे आणून जागेवर कापले तर 40 पत्रे, म्हणजे 170 मीटर. आपल्याकडे बहुतेक वेळा होतं ते हेच.

छपरासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ रूफ विझार्डमध्ये, उतार काढून पत्र्यांची मांडणी करता येते. सुतारकामासाठीची मोफत कटिंग लिस्टची सॉफ्टवेअरं मात्र तुकडे आयताकृतीच धरतात. तिरका तुकडा त्यांना लांब बाजूएवढा आयत वाटतो आणि उत्तर पुन्हा 119 मीटरच येतं. तिथे जोडी आपण लावायची आणि तिचा 4257 चा एकच आयत म्हणून नोंद करायची. फिरवण्याचा पर्याय असेल तर तो फक्त 180 अंशांचा ठेवा. आरशातल्या प्रतिमेसारखं उलटवण्याचा पर्याय बंद.

घर दर वेळी पत्र्याच्या रुंदीने भागलं जाईलच असं नाही. लांबी 12.35 मीटर असेल तर आढ्याच्या मध्यावर जोड येईल अशी मांडणी सरकवा, म्हणजे दोन्ही टोकांना सारखाच 175 मिमीचा फरक उरेल आणि जोड्या टिकतील. पत्र्याची लांबी मात्र वाढेल. त्याहून बरं म्हणजे ट्रस (छपराचा लोखंडी सांगाडा) वेल्ड होण्याआधीच सॉफ्टवेअर चालवा आणि वळचण दोन्हीकडे तेवढी कमी करा. सांगाडा उभा राहिल्यावर ते जमत नाही.

पायरी 5: ऑर्डर

वळचणीला गटरात 50 मिमी पत्रा पुढे हवा आणि हिपवर कॅपखाली (हिपची फट झाकणाऱ्या वाकवलेल्या पट्टीखाली) तेवढीच फट चालते, म्हणून लांबी जवळपास तीच राहते. कापताना निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार) काही मिलिमीटर खातो, हातही थोडा हलतो. म्हणून 4300 मिमीचे 24 पत्रे सांगा आणि एक जादा, कारण उतरवताना एखादा मुडपतोच. 25 पत्र्यांचे 107.5 मीटर होतात. 1220 मिमी रुंदीच्या कॉइलमधून (सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून) निघालेला 0.50 मिमीचा पत्रा मीटरला सुमारे 4.8 किलो भरतो. जादा पत्रा धरूनही 119 मीटरच्या हिशोबापेक्षा पन्नासेक किलो वाचतात, 170 च्या हिशोबापेक्षा 300 किलो. गाडी 14 फुटी नको, 17 फुटी सांगा. 14 फूट म्हणजे 4267 मिमी.

हिप 5.84 मीटरचं आहे. कॅप 10 फुटी मिळत असेल तर 150 मिमी ओव्हरलॅप धरून दोन तुकड्यांत भागतं. बेंडिंग मशीन 8 फुटीच असेल तर तीन लागतात. हे आधी विचारून घ्या.

पायरी 6: कापणं

प्रत्येक पत्र्यावर उताराचं नाव, क्रमांक आणि वर जाणाऱ्या बाजूचा बाण मार्करने काढा. पेन्सिल नको, ग्रॅफाइटने झिंक-ॲल्युमिनियमचा थर गंजतो. जोडीतल्या दोन तुकड्यांवरचे बाण एकमेकांच्या उलट यायला हवेत. तसे आले नाहीत तर कापू नका, यादी पुन्हा बघा. तिरकी रेघ मारताना दोरी उंचवट्यांवरून ताणून धरा आणि खालच्या सपाट पट्ट्यांवर गुण्याने खुणा उतरवा. दोरी दाबून खोबणीत बसवली की रेघ वाकडी पडते.

ग्राइंडर वापरू नका. त्याच्या ठिणग्या रंगात रुततात, कड जळते आणि पहिल्याच पावसात तिथून तांबूस ओघळ सुरू होतात. निबलर किंवा पत्रा कात्री घ्या. भोकं पाडताना आणि कापताना पडलेला चुरा त्याच दिवशी मऊ झाडूने उताराकडे झाडून काढा. रात्रभर दव पडलं तरी तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर डाग सोडतो.