अल्टोचे मिणमिणते दिवे मी कसे सुधारले

मी दशावतारात पेटी वाजवतो. पेटी म्हणजे हार्मोनियम, आंब्याची नव्हे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस लागेपर्यंत आमचा मुक्काम रस्त्यावर. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभं राहतं आणि दहीकाला आटपून सुटतो तेव्हा तांबडं फुटायचं असतं. जाताना काळोख, येताना काळोख. गाडी २००६ ची अल्टो, मागच्या सीटवर दोघे-तिघे नट, डिकीत पेटी, मृदंग आणि कपड्यांची ट्रंक.

चार वर्षांपूर्वी परुळ्याहून परतताना रस्त्याच्या कडेला उभा असलेला आमचाच संकासुर (नाटकात राक्षसाचं काम करणारा नट) मला दिसला नाही. अंगावर काळा अंगरखा तसाच, बिडी ओढत उभा होता. बिडीचं टोक लाल झालं म्हणून ब्रेक मारला. त्या रात्री ठरवलं, दिवे बदलायचे. आणि पहिल्यांदा बदलले ते चुकीचे. तुमची गाडीही जुनी आणि दिवे मिणमिणते असतील तर मी ज्या क्रमाने शिकलो त्याच्या उलट क्रमाने कामाला लागा.

आधी माझे दोन गाढवपणे सांगतो. जुन्या अल्टोत एच-फोर नावाचा बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा, वरच्या बीमला ६० वॉट आणि खालच्या बीमला ५५. मी दुकानातून १००/९० वॉटचे आणले. पहिले आठ दिवस राजासारखे गेले. नवव्या दिवशी शिरोड्याच्या वाटेवर गाडीत प्लास्टिक जळल्याचा वास. बॉनेट उघडलं तर उजव्या बल्बचा होल्डर पुरणपोळीसारखा मऊ झालेला. हिशोब साधा आहे. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात, १०० वॉटचे दोन ओढतात १६ च्या वर. कंपनीने तारा आणि स्टिअरिंगवरचा स्विच पहिल्या आकड्यासाठी दिलेले असतात.

दुसरा गाढवपणा एलईडीचा. खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेड मोजायच्या एककाचा, पाच आकडी आकडा छापलेला. (चांगल्या एच-फोरचा अधिकृत आकडा वरच्या बीमला सुमारे १६५० आणि खालच्या बीमला १००० लुमेन असतो, यावरून काय ते समजा.) घरासमोर लावून बघितले तेव्हा माड शेंड्यापर्यंत उजळले. बायको म्हणाली, माडावर नारळ मोजायचे आहेत का? मी हसलो, पण मुद्दा तिने तिथेच पकडला होता. मठमार्गे कुडाळला जाताना एका अरुंद साकवावर समोरचा ट्रकवाला थांबला, काच खाली केली आणि म्हणाला, "मरे, बत्ती खाली घे! डोळे फोडतंस काय?" मी म्हटलं, "खालीच आसा!" आणि खरंच खालीच होती.

असं का होतं? एच-फोरच्या आत खालच्या बीमच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती अर्धा उजेड अडवते, म्हणून उजेडाला वरून सरळ कड येते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. दिव्यामागचा आरसा त्या तारेची जागा मिलिमीटरच्या हिशोबाने धरून घडवलेला असतो. स्वस्त एलईडीत चिप त्या जागी नसते, जाडीही जास्त. मग उजेड भरपूर, पण फेकला जातो कुठेही. शिवाय मागचा पंखा बाहेर राहतो म्हणून रबरी टोपी नीट बसत नाही आणि आपल्याकडची दमट खारी हवा सरळ आरशापर्यंत पोचते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियमही हेच म्हणतो: दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा दिवा चालणार नाही. एलईडी काढून कपाटात ठेवले. अजून तिथेच आहेत.

मग कुडाळजवळच्या आबांकडे गेलो. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांनी बल्बला हातच लावला नाही, व्होल्ट मोजायचा मीटर काढला. मीटर नसेल तर आधी तो घ्या. साधा डिजिटल पुरतो.

गाडी चालू, इंजिन जरा चढवलेलं, दिवे लावलेले. बॅटरीच्या दोन टोकांवर १४.१ व्होल्ट. मग बल्बच्या मागे, होल्डर लावलेला आणि बल्ब पेटलेला असतानाच, प्रोब (मीटरच्या तारेचं टोकदार टोक) आत सारून मोजलं: १२.२. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. आबा म्हणाले, "बावीत पाणी आसा, पाईप कुजलो."

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. म्हणजे १४.१ च्या जागी १२.२ मिळाले की व्होल्टेज घटलं १३ टक्के, पण उजेड जातो जवळजवळ ४० टक्के. माझा जुना बल्ब वाईट नव्हताच, अर्धपोटी होता. होल्डर जळून गेला तेव्हा मी त्याच कुजक्या पाइपातून जास्त पाणी खेचत होतो.

व्होल्ट नेमके कुठे जातात तेही शोधता येतं. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा पेटलेल्या बल्बच्या प्लसवर. मीटर दाखवेल तो त्या वाटेवरचा तोटा. माझ्याकडे १.३. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा बल्बच्या अर्थवर, म्हणजे बल्बची जी मायनसची तार गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते तिच्यावर. माझ्याकडे ०.६. अर्थचा स्क्रू काढला तर खाली तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. पॉलिश पेपरने पत्रा आणि थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) दोन्ही चकचकीत केलं, घट्ट आवळलं, वरून व्हॅसलीन चोपडलं. तोटा ०.१ वर आला. खर्च शून्य. समुद्राजवळ राहणाऱ्याने बाकी काही नाही केलं तरी हे एवढं करावं.

प्लसच्या बाजूचा तोटा मात्र पुसून जात नाही. करंट बॅटरीकडून फ्यूजबॉक्सला, तिथून स्टिअरिंगवरच्या स्विचला आणि परत पुढे दिव्याला, असा बारीक तारेतून प्रदक्षिणा घालून येतो. उपाय रिले. रिले म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून चालणारा स्विच. जुन्या वायरिंगने फक्त "लाव" म्हणायचं, ताकद थेट बॅटरीतून जाड तारेने येते.

तारा आणि रिले जोडलेला तयार संच, म्हणजे हार्नेस, मिळतो, सिरॅमिक होल्डरसकट. आबांनी सुटं सामान आणून बनवला, मी बघत बसलो आणि पुढच्या वर्षी भावाच्या गाडीला स्वतः केला. दोन रिले लागतात, १२ व्होल्ट ३० अँपिअरचे, चार पायांचे. एक वरच्या बीमला, एक खालच्या. पायांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीची तार येते, ८७ वरून बल्बला जाते, ८५ आणि ८६ आतल्या कॉइलचे, म्हणजे रिलेला चालू करणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे. गाडीचा मूळ प्लग एका बाजूच्या दिव्याचा काढून फक्त कॉइलला जोडायचा. दुसऱ्या बाजूचा प्लग रिकामा राहतो. त्याला टेप गुंडाळून तोंड खाली करून बांधा. मुख्य तार अडीच स्क्वेअर एमएमची घ्या, त्याहून बारीक नको.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वीतभर अंतरात. दोन रिलेंना दोन वेगळे, प्रत्येकी १५ अँपिअरचे. एकच घातला आणि तो घाटात उडाला तर दोन्ही बीम एकदम जातात. दोन असले तर निदान एक बीम घरी आणतो. काही गाड्यांत स्विच प्लसच्या नाही, अर्थच्या बाजूला असतो. म्हणून मूळ प्लगमध्ये कुठला पाय काय आहे ते मीटरने तपासल्याशिवाय काही जोडू नका, आणि जोडताना बॅटरीचा मायनस काढून ठेवा.

पावसाचं बघा. रिलेचं तोंड खाली. प्रत्येक तार होल्डरला शिरण्याआधी जरा खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून खाली ठिबकतं, आत जात नाही. जोडावर नुसती टेप मारू नका. इंजिनच्या उष्णतेने तिचा चिकट काला होतो. थिंबल दाबा, झाळा, वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी, नळी.

हे सगळं झाल्यावर त्याच जुन्या बल्बच्या मागे मोजलं, १३.७. गाडी बंद करून मी दोनदा दिवे लावून-विझवून बघितले. साकवावरच्या ट्रकवाल्याची आठवण झाली.

बल्ब यानंतरचा. साधा ६०/५५ चा, नावाजलेल्या कंपनीचा. जास्त उजेडाचा दावा करणारे त्याच वॉटचे बल्बही मिळतात, दावा काही अंशी खरा असतो, पण ते लवकर मरतात. आता व्होल्टेज पूर्ण मिळतंय म्हणून साधा बल्बही पूर्वीपेक्षा कमी टिकेल, हे धरून चाला. निळसर काचेचे अजिबात नको. तो निळा रंग उजेड खातो आणि आपल्याला वाटतं पांढरा शुभ्र पडतोय. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून तिथेच काच जाते. कागदात धरून बसवा, स्प्रिंगची कडी अडकवा, रबरी टोपी चहूबाजूंनी दाबून बसवा.

आणि धुकं? आंबोलीला पिवळे बल्ब लावा असं दहा जण सांगतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने आरपार जाण्यात फारसा फरक पडत नाही. डोळ्यांना पिवळा सुखाचा वाटतो एवढंच. तिथे खालचा बीम ठेवा आणि हळू चला. फॉगलॅम्प लावायचे तर बंपरच्या खालच्या कडेला, वर नाही.

दिव्याची काच पिवळी पडली असेल तर हे सगळं व्यर्थ. ती काच नसून प्लास्टिक असतं आणि ऊन त्याला मारतं. टूथपेस्टने चमकतं, महिन्याभरात पुन्हा पिवळं. नीट करायचं तर कडेच्या रंगाला टेप लावून, पाणी टाकत ८०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १५००, २००० पर्यंत घासा, मग रबिंग कंपाउंड, आणि वर ऊन रोखणारा क्लिअर कोट. कोट न मारता सोडलंत तर आधीपेक्षा वाईट. आतल्या आरशाची चांदी उडालेली असेल तर मात्र घासत बसू नका, अख्खा दिवा नवा घ्या.

शेवटचं काम दिव्यांचा रोख, म्हणजे उजेडाची दिशा, धरण्याचं, आणि याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. मी आमच्या शाळेच्या चिऱ्याच्या भिंतीसमोर करतो, कारण कोकणात सपाट जागा मिळणं हेच अर्धं काम. चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. गाडी भिंतीला टेकवून प्रत्येक दिव्याच्या मध्यासमोर खडूने एकेक खूण करा. माझ्या खुणा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आल्या. मग गाडी सरळ ५ मीटर मागे. एका दिव्यासमोर पुठ्ठा धरा, दुसऱ्याचा खालचा बीम लावा. उजेडाची वरची कड खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली हवी, डावीकडे ती थोडी वर चढते, ते बरोबर. मीटरला एक सेंटिमीटर उतार म्हणजे ६५ सेंटिमीटर उंचीचा उजेड ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावीकडे-उजवीकडे. पाव फेरा फिरवायचा, बघायचं, परत पाव फेरा. बॅटरीच्या बाजूचा स्क्रू फिरवताना बोटं सोलून निघतात.

पहिल्या वेळी मी रिकाम्या गाडीवर रोख धरला आणि जत्रेला निघालो. तीन नट, ट्रंक, पेटी, मृदंग. समोरचे पुन्हा दिवे मारू लागले. दुसऱ्या दिवशी सगळं सामान आणि सगळे नट शाळेसमोर आणले, गाडीत बसवले. कड ७ सेंटिमीटर वर गेलेली. मागचा भाग दबतो, नाक वर येतं. डॅशवर दिवे खाली-वर करण्याचं चाक असेल तर तुमचं नशीब, माझ्या गाडीत नाही. म्हणून मी भरल्या गाडीवरच रोख धरतो. एकटा असतो तेव्हा उजेड जरा जवळ पडतो, पण एकटा असताना मला कुठे घाई असते. आंबेवाल्यांनी पेट्या भरून मोजावं.

मीटर धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला. दरवर्षी मे अखेरीस, मृगाच्या आधी, अर्थचा स्क्रू उघडून पुसतो आणि व्हॅसलीन बदलतो. एक जादा बल्ब आणि दोन फ्यूज हार्मोनियमच्या खोक्यात, भात्यामागच्या खणात कापडात गुंडाळून ठेवले आहेत. गाडीच्या कप्प्यातून वस्तू हरवतात. पेटी विसरून मी अजून कुठल्या जत्रेतून आलेलो नाही.